मशीन पॉलिशमध्ये गाडीचा रंग नेमका किती जातो?

बाणेर_बायपास
मंडळी, नमस्कार. गाडी २०१९ची, काळी सेडान, मी २०२२मध्ये सेकंड हँड घेतली. पार्किंग उघड्यावर, समोर दोन टॉवरची कामं चालू, त्यामुळे सकाळी बॉनेटवर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ. सोसायटीत गाड्या पुसायला येणारा दादा प्रामाणिक आहे, एक दिवस चुकवत नाही. पण तेच फडकं तो सगळ्या ओळीवर फिरवतो आणि पाण्याचा संबंध फक्त रविवारी. परिणाम असा की उन्हात बॉनेटकडे बघवत नाही, गोल गोल बारीक चरेच चरे.

एका स्टुडिओत चौकशी केली. 'थ्री स्टेप करेक्शन, त्यावर सिरॅमिक, पाच वर्षं दर वर्षी मेंटेनन्स पॉलिश फुकट' असं पॅकेज आहे. मी सहज विचारलं, यात रंग किती जातो? उत्तर आलं, 'सर, रंग जातच नाही, फक्त चरे जातात.' आता चरा म्हणजे खड्डा. खड्डा जातो म्हणजे नेमकं कुठे जातो? आजूबाजूची जमीन खाली आणल्याशिवाय खड्डा जाईल कसा? कोणाला आकड्यांत सांगता येईल का? 'काही होत नाही हो' नको, मायक्रॉनमध्ये हवंय.

पेठेतला_शहाणा
'पाच वर्षं फुकट' वाचलं आणि चहा ठेवला. जाणकार येईपर्यंत बसतो.

चाकण_पेंटशॉप
पेंट शॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत (कुठल्या ते विचारू नका), म्हणून आधी थर सांगतो.

पत्र्यावर सगळ्यात खाली फॉस्फेट, दोनतीन मायक्रॉन. त्यावर सीईडी, म्हणजे अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेनं चढवलेला प्रायमर, साधारण २० मायक्रॉन. गंजापासून गाडी वाचवतो तो हा. मग सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा थर, ३० ते ४०. मग बेस कोट, म्हणजे तुम्ही शोरूममध्ये पसंत करता तो रंग, तो जेमतेम १२ ते २०. आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, ३५ ते ४५ धरा. सगळं मिळून शंभर ते सव्वाशेच्या आसपास. हल्ली काही प्लांटमध्ये सरफेसरचा वेगळा थरच नसतो, तिथे एकूण आकडा आणखी कमी भरतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे लक्षात असू द्या.

तर तुमचा स्टुडिओवाला शब्दशः खोटं बोलला नाही. पॉलिश करताना काळा 'रंग' जात नाही, त्याच्यावरचा पारदर्शक क्लिअर जातो. पण गाडीची चमक आणि उन्हापासून संरक्षण दोन्ही त्या क्लिअरमध्येच आहे. म्हणजे जाते ती महत्त्वाचीच गोष्ट.

खड्ड्याचं तुमचं बरोबर आहे. पॉलिश चरा भरत नाही, चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर खाली आणतं.

बाणेर_बायपास
धन्यवाद! म्हणजे हातात एकूण ४० मायक्रॉन. त्यातले एका पॉलिशला किती जातात?

डिटेलिंगवाला_वारजे
हे काम करतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, तरी लिहितो. 'मशीन पॉलिश' असं एकच काही नसतं. मशीन कुठलं, पॅड कुठला, कंपाउंड (घासून कापणारी भरड पेस्ट) कुठलं आणि हात कोणाचा, यावर आकडा पाचपट इकडेतिकडे होतो.

मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश, ड्युअल अॅक्शन मशीन: अर्धा मायक्रॉन, फार तर एक. मीटरवर दिसतही नाही. त्याच मशीनवर मध्यम फोम आणि वन स्टेप पॉलिश: एक ते दोन. मायक्रोफायबरचा कटिंग पॅड आणि जोरदार कंपाउंड: दोन ते चार. रोटरीवर (पॅड नुसता गोल फिरवणारं मशीन) लोकरीचा पॅड आणि कंपाउंड: तीनपासून सहापर्यंत, आणि हात जड असेल तर त्याच्याही पुढे. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर मारून त्याच्या खुणा काढायच्या म्हटल्या तर पाच ते दहा गेले समजा, कधी जास्त. हे सगळे ढोबळ आकडे आहेत, क्लिअर मऊ की कडक यावर बदलतात. जपानी गाड्यांचा क्लिअर साधारण मऊ, जर्मन गाड्यांचा कडक, असा आमच्या धंद्यातला अनुभव. काळ्या मऊ क्लिअरवर तर पुसायचं फडकंसुद्धा चरे पाडतं.

ड्युअल अॅक्शनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय डुलतो, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. दाबलं तर फिरणं बंद पडतं, म्हणजे मशीन स्वतःच आपल्याला आवरतं. रोटरी तसं नाही. ती दाबली की कापते.

थ्री स्टेप म्हणजे कंपाउंड, पॉलिश, फिनिश. बेरीज केली तर चार ते आठ मायक्रॉन. एकदा केलं तर गाडी मरत नाही. पण चार-आठ म्हणजे 'काहीच नाही' असंही नाही.

जुनाजाणता
आमच्या काळी रबिंग म्हणत याला. लाल डब्यातलं कंपाउंड, जुन्या बनियनचा बोळा आणि दिवाळीच्या आधी अख्खी दुपार. बोळा लाल व्हायचा, कारण गाडी लाल होती आणि वर क्लिअर-बिअर काही नव्हतं. तेव्हा रंग किती गेला ते डोळ्यांना दिसत होतं!

डिटेलिंगवाला_वारजे
काका, तेच अजूनही तपासायला वापरतात. जुने सॉलिड रंग सिंगल स्टेज असतात, म्हणजे वर वेगळा क्लिअर नसतो, पॅडला रंग लागणं तिथे साहजिक. क्लिअर असलेल्या गाडीवर पॅड पांढराच राहायला हवा. काळ्या गाडीवर काम करताना पॅडवर काळं आलं तर मशीन बंद करायचं, कारण क्लिअर संपलाय. तिथून पुढे एकच उपाय, पॅनल रंगवा.

निवृत्त_केमिकल
उद्योग सोडून वर्षं झाली, पण प्रश्न आवडला म्हणून थोडं गणित.

एक चौरस मीटरवर एक मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे बरोबर एक घन सेंटिमीटर. वाळलेला क्लिअर पाण्यापेक्षा जरा जड, म्हणजे साधारण सव्वा ग्रॅमच्या आत. बॉनेट सुमारे दीड चौरस मीटर धरलं आणि दोन मायक्रॉन काढले तर तीन घन सेंटिमीटर गेले. चहाचा चमचासुद्धा भरत नाही. एका बॉनेटच्या पॉलिशनंतर पॅड आणि फडक्यांवर जो पांढरा चिकटा दिसतो, त्यात बहुतेक पॉलिशच असतं, तुमचा क्लिअर त्यात औषधापुरता. त्यामुळे फडकं बघून घाबरू नका आणि फडकं स्वच्छ दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका.

आता दुसरी बाजू. क्लिअरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. थर पातळ झाला की खालच्या बेस कोटपर्यंत जास्त किरण पोचतात, आणि हे प्रमाण सरळ रेषेत वाढत नाही. समजा ४० मायक्रॉनमधून शंभरातला एक भाग खाली पोचत होता. त्याच क्लिअरचे ३० उरले तर साधारण तीन भाग पोचतील. जाडी पाव टक्क्यानं नव्हे, पावभागानं कमी केली आणि खाली जाणारं ऊन तिप्पट झालं. २० उरले तर दहा भाग. शिवाय ही शोषक द्रव्यं वर्षानुवर्षं उन्हात खर्चही होत असतात, म्हणजे दहा वर्षांच्या गाडीचे ३० आणि नव्या गाडीचे ३० सारखे नाहीत.

असं झालेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. छतावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे येतात, मग क्लिअरचे पापुद्रे सुटतात. त्याला पॉलिश चालत नाही, कारण पॉलिश करायला काही उरलेलंच नसतं.

पेठेतला_शहाणा
म्हणजे दर वर्षीचं फुकट पॉलिश म्हणजे आपलीच मुदत ठेव आपल्यालाच मोडून व्याज म्हणून देणं.

बाणेर_बायपास
@निवृत्त_केमिकल काका, तिपटीचा हिशोब डोक्यात बसला. मग 'इतकंच काढा, याच्या पुढे नको' अशी काही मर्यादा आहे का?

चाकण_पेंटशॉप
बाजारात रूढ अंदाज असा की गाडीच्या पूर्ण आयुष्यात क्लिअरचा पाव भाग, म्हणजे आठ-दहा मायक्रॉन, याच्या पुढे जाऊ नये. मी स्वतः आठच म्हणेन. आणि यात तुम्ही दुसरे मालक आहात हे विसरू नका. पहिल्या मालकानं किती काढले? डिलिव्हरीच्या आधी शोरूमनं किती काढले? आणि एक आतली गोष्ट, कारखान्यातसुद्धा क्लिअरमध्ये धुळीचा कण अडकला की लाइनवरच बारीक पेपर मारून तेवढी जागा पॉलिश करतात. त्यामुळे 'कधीच मशीन न लागलेली गाडी' हा प्रकार कागदावरच.

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. डीएफटी मीटर, म्हणजे रंगाच्या थरांची जाडी मोजणारा, मिळवा. भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंग करणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये असतो, ओळखीत कोणी असेल तर अर्ध्या तासासाठी देतील.

अनुजा_कर्वेनगर
धाग्याला फाटा फोडते, माफ करा. सेकंड हँड गाडी बघताना हाच मीटर वापरतात ना? आम्ही बघितलेल्या हॅचबॅकवर सगळीकडे १०० ते ११५ आणि डाव्या मागच्या दारावर २६०. विकणारे म्हणाले, कंपनीतूनच जाड आलाय.

चाकण_पेंटशॉप
ताई, कंपनीतून एकच दार २६० येत नाही. ते दार नंतर रंगवलंय. २०० ते ३०० म्हणजे बहुतेक नुसतं रंगकाम, चरा पडला असेल. ६००-८०० किंवा हजाराच्या पुढे गेलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे पत्रा ठोकलेला होता. २६०वर घाबरून गाडी सोडू नका, पण किमतीत बोला. आणि छत आणि पिलर नक्की मोजा. दार कुणीही ठोकतं, पिलरवर लांबी सापडली तर मात्र सरळ घरी या.

रंगवलेल्या पॅनलबद्दल पॉलिशच्या अंगानं एक सांगायचं राहिलं. कारखान्यात क्लिअर १४० अंशांच्या आसपास भाजतात. गॅरेजच्या बूथमध्ये ६०च्या पुढे जाता येत नाही, कारण गाडीत वायरिंग, प्लास्टिक, काचा सगळं असतं. म्हणून तो क्लिअर वेगळ्या जातीचा आणि बहुधा मऊ. २६० दिसले म्हणून 'इथे भरपूर माल आहे' समजून रोटरी दाबू नका. त्या २६०मध्ये क्लिअर किती आणि प्रायमर किती, हे हा मीटर सांगत नाही. तो पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण उंची सांगतो, बस्स.

अनुजा_कर्वेनगर
समजलं, खूप आभार. पिलर मोजायला उद्या परत जाते.

वाघोली_टँकर
आमच्याकडे चऱ्यांपेक्षा पाण्याचे डाग जास्त. बोअर आणि टँकरच्या पाण्यानं गाडी धुतली आणि उन्हात वाळली की पांढरे गोल. काचांवर तर विचारूच नका. हे पॉलिशनं जातात का, आणि त्यात किती मायक्रॉन जातात?

डिटेलिंगवाला_वारजे
दोन प्रकार आहेत. नुसता क्षार वर बसला असेल तर पॉलिश लागतच नाही. गाडी सावलीत, पत्रा थंड, पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून कपड्यानं ओलं करा, मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा. क्षार विरघळतो, क्लिअर एक मायक्रॉनही जात नाही. हे आधी न करता थेट कंपाउंड मारणारे खूप आहेत, कारण मशीन चालवली की गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं.

डाग क्लिअरमध्ये मुरला असेल, म्हणजे पुसल्यावरही बोटाखाली खळगा जाणवत असेल, तर मात्र घासावं लागतं. मी सांगेन, पुसट करा आणि सोडून द्या. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच. वेताळ टेकडीवर फिरायला जाताना झाडाखाली गाडी लावली की प्रसाद मिळतोच. गाडीत एक ओला कपडा ठेवा, आल्यावर आधी भिजवून मऊ करा, मग उचला. कोरडं खरवडलं की दाग जातो आणि चरा राहतो.

बाणेर_बायपास
मीटर मिळाला! मित्राच्या मेहुण्याचं भोसरीत पावडर कोटिंग आहे. @चाकण_पेंटशॉप यांच्या सांगण्याप्रमाणे पार्किंगमध्येच मोजलं. आधी मीटर सोबतच्या कोऱ्या पट्टीवर शून्य केला, मग दिलेल्या प्लास्टिकच्या चकतीवर पडताळला. गाडी रात्रभर उभी होती, पत्रा थंड होता.

बॉनेटच्या मध्यभागी १०९ ते ११४. छत १०६-१०८. उजवी दारं १११, ११५. डावं पुढचं दार ११३. डावं मागचं दार... २३८! मला विकताना 'रिपेंट शून्य' म्हणाले होते. असो. बंपरवर मीटर नुसताच बीप करतोय, काही दाखवत नाही.

खरी काळजी पुढेच आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेला, लोगोच्या वर, ८६. चार बोटं मागे सरकलो की १०५. हे काय?

चाकण_पेंटशॉप
बंपर प्लास्टिकचा. हा मीटर लोखंडावर चुंबकानं आणि अॅल्युमिनिअमवर एडी करंटनं चालतो, खाली धातूच नसेल तर काय मोजणार. प्लास्टिकसाठी ध्वनिलहरींवर चालणारे मीटर असतात, त्यातले काही थरही वेगळे दाखवतात, पण ते महाग प्रकरण. बंपरवर म्हणून कमीत कमी काम करा. प्लास्टिकमधून उष्णता लवकर पसरत नाही, क्लिअर पटकन तापतो.

८६बद्दल: कडेवर कारखान्यातच थर पातळ बसलेला असू शकतो, किंवा पूर्वी कोणीतरी तिथे रोटरी दाबली असेल. एका आकड्यावरून ओळखता येत नाही. अनेक जण अशा वेळी दार उघडून आतल्या चौकटीवर मोजतात, 'इथे कधी पॉलिश झालेलं नाही, म्हणजे हा मूळ आकडा'. त्यात गफलत आहे. चौकटीत कारखान्यातच क्लिअर कमी पडतो. त्यापेक्षा त्याच कडेवर डावीकडे, मध्ये, उजवीकडे मोजा. तिन्ही सारखे असतील तर मूळचाच पातळ म्हणून सोडून द्या. मध्येच खाली आणि बाजूंना वर असेल तर तिथे पूर्वी मशीन फिरलंय.

बाणेर_बायपास
डावीकडे ९८, मध्ये ८६, उजवीकडे ९९.

डिटेलिंगवाला_वारजे
मग उत्तर मिळालं. पुढच्या कडेवर दगडाचे टिपके बसतात आणि कोणीतरी ते 'काढले' आहेत. त्या पट्ट्यावर मास्किंग टेप लावा आणि मशीन नेऊच नका. तसंही कडा, बॉडी लाइन, हँडलभोवतीची जागा हे आम्ही टेप लावूनच झाकतो. सपाट भागावर पॅडचा दाब अख्ख्या चकतीवर पसरतो, कडेवर तोच दाब एका रेषेवर येतो. पॉलिशमध्ये रंग उडालेल्या गाड्या बघा, दहात नऊ वेळा कडेलाच उडालेला असतो.

निवृत्त_केमिकल
तक्रार नाही, पण त्या आकड्यांवर फार भारही टाकू नका. हातातल्या मीटरची अचूकता साधारण वाचनाच्या दोन-तीन टक्के, शिवाय एखाददुसरा मायक्रॉन. ११०वर म्हणजे तीन-चार मायक्रॉनची घोळ-जागा. आणि आपण मोजायला निघालोय ते दोन मायक्रॉन! पॉलिशच्या आधी एक आकडा ११२, नंतर ११०, म्हणून 'दोन गेले' असं म्हणता येत नाही. मीटर अर्धा सेंटिमीटर सरकला तरी एवढा फरक येतो.

उपाय सोपा. टेपच्या लहान चौकटी लावून जागा पक्क्या करा, प्रत्येक जागी पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या, आणि पॉलिशनंतर पत्रा पूर्ण थंड झाल्यावर त्याच चौकटीत मोजा. तोच मीटर, तोच माणूस. ८६ आणि ९९मधला फरक मात्र खरा, तो चुकीच्या आवाक्याबाहेर आहे.

पेठेतला_शहाणा
पार्किंगमध्ये बॉनेटला पट्ट्या चिकटवून मीटर लावणाऱ्या माणसाकडे सोसायटी कशी बघते, तेही मायक्रॉनमध्ये सांगा.

बाणेर_बायपास
वॉचमन काकांनी विचारलं, 'साहेब, ताप आलाय का गाडीला?' :)

जुनाजाणता
एक सांगा, पॉलिशनंतर आरशासारखी दिसते आणि दोन पावसांत चरे परत येतात, ते का? माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं असं झालं, पैसे भरपूर घेतले होते.

डिटेलिंगवाला_वारजे
काका, त्याचे चरे गेलेच नव्हते, बुजवले होते. स्वस्त पॉलिशमध्ये तेल आणि फिलर असतात, ते चऱ्यात बसतात. पाऊस आणि शॅम्पू आला की धुऊन जातात. तपासायची पद्धत: काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पॅनल पुसायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. चरे दिसले तर बुजवलेले होते.

पण बुजवणं नेहमीच फसवणूक नसते. ८६वाल्या कडेसारख्या जागी मी स्वतः हातानं ग्लेझ (चरे बुजवणारी क्रीम) लावतो आणि गिऱ्हाइकाला तसं सांगतो. तिथे क्लिअर काढण्यापेक्षा दर पावसाळ्यानंतर परत लावलेलं परवडतं. खोटं तेव्हा होतं जेव्हा बिलावर 'करेक्शन' लिहून ग्लेझ मारतात.

बाणेर_बायपास
आणि सिरॅमिकचं काय? तो म्हणतो कोटिंगनं थर वाढतो, म्हणजे गेलेले मायक्रॉन परत येतात.

निवृत्त_केमिकल
सिरॅमिक कोटिंग वाळल्यावर एक-दोन मायक्रॉन, बऱ्याचदा त्याहून कमी. आठ काढून एक लावायचा, आणि त्या एकात क्लिअरसारखं अतिनील संरक्षण धरून चालायचं नाही. त्याचा खरा उपयोग पाणी आणि घाण सटकण्यात आहे, धुणं सोपं होतं. '९एच' म्हणतात ती पेन्सिलनं मोजलेली कडकपणाची पट्टी आहे, हिऱ्या-नीलमणीची नव्हे. दादाचं धुळीचं फडकं ९एचवरही चरे पाडणार. जाडी हवी असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, ती १५० ते २०० मायक्रॉनची असते. पण तिचा खर्च वेगळ्याच पातळीवर.

डिटेलिंगवाला_वारजे
यातल्या एका गोष्टीला हरकत. चांगलं कोटिंग असलं की धुताना कमी घासावं लागतं, त्यामुळे पुढचं पॉलिश लांबतं. हा फायदा मायक्रॉनमध्येच मोजायला हवा. मात्र दर वर्षी पॉलिश करायचं असेल तर कोटिंग कशाला लावलं? पहिल्या पॉलिशलाच ते निघून जाणार! त्या 'फुकट मेंटेनन्स'मध्ये ते नक्की काय करतात, मशीन फिरवतात की नुसतं धुऊन वरून स्प्रे मारतात, हे लेखी विचारा.

बाणेर_बायपास
विचारलं. 'लाइट बफिंग' म्हणाले. मीटर आहे का विचारलं तर 'अनुभव आहे' म्हणाले. नमस्कार करून निघालो.

शेवटी दुसरीकडे करून घेतलं. आधी बॉनेटच्या अर्ध्या भागावर टेप लावून चाचणी घ्यायला सांगितलं: मध्यम फोम, वन स्टेप पॉलिश, ड्युअल अॅक्शन. दोन फूट बाय दोन फूट जागा, चार-पाच फेऱ्या. टेप काढल्यावर मधोमध सरळ रेघ, एका बाजूला राखाडी, दुसऱ्या बाजूला काळं. तिथल्या पोरानं लगेच विचारलं, 'कंपाउंड मारू का सर, उरलेले पण काढतो.' उरले होते पाच-सहा खोल चरे, नख अडकतं असे. नको म्हटलं. सगळी गाडी त्याच एका स्टेपमध्ये केली, पुढची कड झाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा थंड असताना मोजलं. बॉनेटच्या चौकटींची सरासरी आधी ११२च्या आसपास होती, आता ११०-१११. छतावर फरकच दिसला नाही, मीटरच्या चुकीत गेला असणार. डाव्या मागच्या दारावर मात्र तीन कमी दाखवतोय, बाकीच्यांपेक्षा जास्त.

चाकण_पेंटशॉप
ते दार रंगवलेलं, क्लिअर मऊ, म्हणून तेवढ्याच कामात जास्त गेला. अपेक्षित आहे. नख अडकणारे चरे सोडलेत हे उत्तम. ते काढायचे म्हणजे चांगल्या जागेवरचे पाच-सात मायक्रॉन त्यांच्यापायी घालवायचे. आजचे आकडे तारखेसह लिहून सर्व्हिस बुकात ठेवा, गाडी विकताना पुढच्याला द्या.

अनुजा_कर्वेनगर
पिलर स्वच्छ निघाले, ९५ ते १०२. दारामुळे किंमत कमी करून घेतली. गाडी पुसणाऱ्याचं काय केलंत ते सांगा, आमच्याकडेही तोच प्रश्न.

बाणेर_बायपास
दादाला दोन मायक्रोफायबर कापडं आणि एक बादली दिली, आणि पैसे थोडे वाढवून आठवड्यातून तीनदाच, पण आधी पाणी टाकून मगच पुसायचं ठरवलं. रोज कोरडं पुसू नको म्हटलं तर त्याला आधी वाटलं मी काम बंद करतोय. बाकीच्या दिवशी धूळ राहते, राहू दे.

वाघोली_टँकर
व्हिनेगरनं बॉनेटचे डाग साठ-सत्तर टक्के गेले. बाकीचे मुरलेले आहेत, राहू देतो. आता भाचा मॅट फिनिशची गाडी घेतोय, त्याला कुठलं पॉलिश सांगू?

डिटेलिंगवाला_वारजे
कुठलंच नाही. मॅट क्लिअरचा खरखरीतपणा हाच त्याचा फिनिश आहे. मशीन लावलं, अगदी हातानं जोरात घासलं तरी तेवढा भाग चमकायला लागतो आणि तो परत मॅट होत नाही, पॅनल रंगवावं लागतं. मॅटसाठी वेगळा शॅम्पू मिळतो, तो आणि भरपूर पाणी. ऑटोमॅटिक ब्रशच्या वॉशिंगलाही नेऊ नका म्हणावं.